एक वीत जास्त

दौंड स्टेशनच्या मागे एक वेल्डर होते. तुमच्या आजोबांच्या जुन्या जीपला लोखंडी पिंजरा बसवायचं काम मी त्यांना दिलं, म्हणजे गाडी उलटली तरी आतली माणसं वाचतील. वरचा काढता-घालता येणारा कापडी टप मात्र त्यावर बसला पाहिजे, असं मी आकृती काढून इंचांत लिहून दिलं. त्यांनी कागद खिशात ठेवला आणि "व्हय" म्हणाले. सगळ्यालाच ते "व्हय" म्हणत आणि माप सुतळीने घेत.

"मागं कोन बसनार, बाई?"

"नातवंडं. सुट्टीत येतात."

"केवढी हायेत?"

मी मागच्या सीटवर तुमच्या डोक्याच्या उंचीला हात धरून दाखवला. त्यांनी हातापर्यंत सुतळी ताणली, वर एक वीत सोडली आणि गाठ मारली.

आठवड्याने पाहिलं, तर टप बसेना.

"अहो, मी लिहून दिलं होतं ना?"

"व्हय. पन पोरं वाढत्यात. टप दुसरा शिवता येतो."

रागवावं की आभार मानावेत, मला कळेना. तेवढ्यात काळा चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं, "यायची कवा हायेत?"

दोन सुट्ट्या तुम्ही आला नव्हतात. मी मागच्या सीटवर पुन्हा हात धरून पाहिला, या वेळी एक वीत वर.