अप्पांची निम्मी-निम्मी वाईन

स्वतः थेंबभरही न चाखता वाईन करणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो आमच्या सोलापूरजवळ वैरागच्या माळावर राहत होता. माझ्या बहिणीचे चुलत सासरे, अप्पा. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, आणि मागच्या खोलीत लोणच्याच्या बरण्यांतून शिराज आणि कॅबरने या दोन काळ्या द्राक्षांचा रस आंबत ठेवलेला. निम्मी शिराज, निम्मी कॅबरने. हे प्रमाण ठरवलं नाकानं. पेला नाकाशी धरायचा, डोळे मिटायचे आणि पुटपुटायचं, "जमलं की!" "अहो, जिभेला लावून तर बघा," म्हटलं की म्हणायचे, "गळ्यात लिंग हाय. वास घ्यायला देवाची ना न्हाय."

ही द्राक्षं एकेकाळी साऱ्या शिवारानं लावली होती. माल घेणाऱ्या कंपनीनं हात वर केले तशी सगळ्यांनी ती उपटली आणि पुन्हा बेदाण्याची द्राक्षं धरली. अप्पांनी चार ओळी ठेवल्या. त्यांचा खरा जीव होता मातीवर. लग्नाकार्यात भेटले की रुमालातून मुरमाचा खडा काढून थेट समोरच्याच्या नाकाशी! "घ्या वास. ह्योच बाटलीत उतरतोय. मुरूम हाय, दिवसा ऊन हाय, रातच्याला गारवा हाय. फ्रान्सवाल्यांकडं आनखी काय असतंय?" एकदा तर ऐन अक्षतांच्या आधी त्यांनी नवरदेवालाच खडा हुंगायला लावला. पोरगं बिचारं शिंकत शिंकत बोहल्यावर चढलं.

काकू नातवंडं सांभाळायला लेकीकडे बंगळूरला गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. माळावर उरले अप्पा आणि त्यांच्या बरण्या. दिवसचे दिवस कुणाशी बोलणं नाही. मग वर्षातून एकदा एसटीनं बाटली घेऊन माझ्याकडे यायचे आणि चार दिवसांनी फोन करायचे. "कशी हाय? खरं सांगा. मला दुसरं कोन सांगनार?" म्हणजे त्यांची जीभ मी! आणि मी काय करायचो? आमच्या घरात बाटली दिसली तर बायको मलाच बाहेर काढेल, म्हणून गुपचूप सगळी जास्वंदीला ओतायचो आणि फोनवर ठोकून द्यायचो, "अप्पा, लई भारी! काही म्हणता काही बदलू नका."

यंदा अप्पा आले ते काठी टेकत. गुडघे गेले होते, वेली उपटून झाल्या होत्या, संध्याकाळच्या गाडीनं लेक त्यांना कायमचं बंगळूरला नेणार होती. "ही शेवटची," ते म्हणाले. "तुमी हितंच प्या. मी बगतो."

आता कुठं ओतणार? बायको बाजारात गेलेली. घेतला घोट. आई गं! कच्चं कवठ चावल्यासारखं तोंड आवळलं. अप्पा माझ्याकडे टक लावून बसलेले. पुन्हा 'लई भारी' म्हणायला जीभ काही उचलेना.

"तुरट आहे, अप्पा. फार तुरट."

मला वाटलं, म्हातारा खचला. पण त्यांचा चेहरा असा उजळला! "म्हंजी कॅबरने जास्त झाली! आवो, आदीच सांगायचं की! तीन हिस्से शिराज, एक हिस्सा ती. पुढल्या साली बगा, कसली हुतीया..."

आणि ते थांबले.

"वेली न्हाईत न्हवं आता," ते हळूच म्हणाले.

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी पेला पुन्हा भरला, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत, एकेक घोट घेत, सगळी बाटली संपवली.