शेवटचा ए

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी मी नोकरीसाठी पुण्याहून बंगळूरला आले, तेव्हा रिक्षावाल्याने मला मल्लेश्वरमच्या आठव्या मेनऐवजी आठव्या क्रॉसवर नेलं. मेन आणि क्रॉस हे वेगवेगळे रस्ते असतात हे मला ठाऊक नव्हतं, पण चूक त्याचीच आहे हे मात्र पक्कं ठाऊक होतं. घर सापडेपर्यंत मी त्याच्याशी हिंदीत भांडले, तो माझ्याशी कन्नडमध्ये भांडला, आणि दोघांनाही दुसऱ्याचं काही कळत नसल्यामुळे भांडण छान रंगलं. घरमालकीण फाटकात उभी राहून ते शेवटपर्यंत ऐकत होती.

ती मराठीच, पण कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्या घरातली. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. "स्वल्प चहा घे, मग राग कर," हे तिचं माझ्याशी पहिलं वाक्य. तिचं मराठी ऐकून मला हसू यायचं आणि माझं ऐकून तिला.

वरच्या मजल्यावर आम्ही तीन-चार भाडेकरू होतो आणि फोन एकच, खाली अक्काच्या बैठकीत. तो वाजला की अक्का किंवा तिचे यजमान उचलत, कोण हवंय ते विचारत आणि जिन्याखालून हाक मारत. हाका ठरलेल्या होत्या. बँकेत काम करणारा तो 'बँक', इस्पितळातली ती 'सिस्टर'. मला फोन येत नसत. घरी मीच रविवारी कोपऱ्यावरच्या बूथवरून करायचे. त्यामुळे मला काय म्हणून हाक मारतील, हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

माझी कंपनी यशवंतपूरला होती. कंपनी म्हणजे काय, एक साहेब, दोन खोल्या, जुनी हिशेबाची कामं करणारे दोघं-तिघं, आणि जावा ही संगणकाची नवी भाषा शिकलेले आम्ही दोन नवशिके. दुसरा नवशिका देवनहळ्ळीचा, रोज सकाळी बसने यायचा. यशवंतपूरच्या बाजारातल्या कांदा-बटाट्याच्या व्यापाऱ्यांना दिवसभर बदलणारे भाव आपापल्या दुकानातल्या संगणकावर दिसायला हवे होते. साहेबांनी आम्हाला स्पष्ट सांगून ठेवलं होतं की शनिवारी व्यापारी बघायला येतील. ते हो म्हणाले तर तुम्ही दोघं राहाल, नाही म्हणाले तर कंपनी जावाचा नाद सोडेल आणि तुम्हाला घरी जावं लागेल.

पुण्यात बाबांनी एका ओळखीच्या शाळेच्या ऑफिसात माझ्यासाठी जागा हेरून ठेवलेली होती. मला ती नको होती. मला इथेच राहायचं होतं, आणि हे मी देवालाही जरा दरडावूनच सांगितलं होतं.

कारण मला ते काम मनापासून आवडायचं. जावात एक रजिस्ट्री असते. सगळ्यांना लागणारी एखादी सेवा तिथे एका नावाने नोंदवायची, आणि ज्याला हवी त्याने त्या नावाने ती शोधायची. ती कुठल्या संगणकावर बसली आहे, कशी लिहिली आहे, याच्याशी शोधणाऱ्याला काही देणंघेणं नाही. नाव तेवढं बरोबर हवं. भाव सांगणारी सेवा मी लिहिली होती आणि ती नोंदवली होती 'भाव' या नावाने. दुकानातल्या पडद्यांचं काम त्या देवनहळ्ळीकराकडे होतं. मी त्याला तोंडी सांगितलं, "नाव भाव आहे." तो म्हणाला, "सरी," म्हणजे ठीक आहे. झालं.

शुक्रवारी दोन्ही बाजू जोडल्या, तर त्याच्या पडद्यावर एकच उत्तर: या नावाने काहीही नोंदलेलं नाही.

"तुझी सेवा बंद पडली आहे," तो म्हणाला. आमचं बोलणं इंग्रजी-हिंदीच्या खिचडीत चालायचं.

"माझी सेवा ठणठणीत आहे. तुला शोधता येत नाही."

मी माझ्या संगणकावरून शोधून दाखवली, लगेच सापडली. त्याने त्याच्यावरून शोधली, नाही सापडली. आम्ही केबल बदलल्या, संगणक बदलले, शेवटी खुर्च्याही बदलल्या. दुपारचा डबा आम्ही एकमेकांकडे पाठ करून खाल्ला. मनातून मी घाबरले होते. शाळेच्या ऑफिसातलं ते लाकडी टेबल मला दिसायला लागलं होतं.

चहाच्या वेळी त्याने उसासा टाकून विचारलं, "पण कांद्याचे दर बहिणीच्या नवऱ्याला का विचारायचे?"

"काय?"

"आमच्या कन्नडमध्ये भाव म्हणजे बहिणीचा नवरा. माझा भाव द्राक्षं लावतो. त्याला कांद्यातलं काय कळतंय?"

मी त्याला आमच्या भावाचा अर्थ सांगितला. तो खो-खो हसला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी विचारलं, "तू त्याचं स्पेलिंग काय केलंस?"

"बी, एच, ए, व्ही, ए."

"शेवटचा ए कुठून आला?"

"म्हणजे? तो असतोच."

इकडे आपल्या रागाचा रागा होतो आणि तालाचा ताला, हे मला कळायला हवं होतं. माझ्या नोंदीत शेवटचा ए नव्हता. ऐकायला शब्द एकच, लिहायला दोन. तोडगा सोपा होता, कुणीतरी एकाने एक अक्षर बदलायचं. पण मी म्हटलं, शब्द माझा आहे, मी बदलणार नाही. तो म्हणाला, त्याचा भाव ए काढला तर लंगडा होईल. आमची पुन्हा जुंपली. साहेब आतून बाहेर आले, दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाले, "एकच वस्तू दोन नावांनी नोंदवता येत नाही का?"

येत होती. मी तीच सेवा दुसऱ्या नावानेही नोंदवली. एक ओळ वाढली. त्याच्या पडद्यावर कांदा दिसला, मग बटाटा, आणि त्याने मला त्याच्या डब्यातली उरलेली चक्कुली, म्हणजे आपली चकलीच, दिली.

शनिवारी व्यापारी आले, बघून गेले, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. आपसात बोलून संध्याकाळी कळवू म्हणाले. साहेबांनी नोकरीच्या कागदांतला माझा नंबर काढला आणि घरी फोन करतो म्हणाले.

मी घरी येऊन गच्चीवरचे वाळलेले कपडे काढत होते. खाली फोन वाजला आणि लगेच बंद झाला. मी कपडे टाकून धावत खाली गेले, तर अक्काचे यजमान शांतपणे पेपर वाचत होते.

"कुणाचा होता?"

"राँग नंबर. कोण कुमारी अमुकतमुक पाहिजे म्हणत होता. अशी इथे कोणी नाही म्हणून सांगितलं."

ती अमुकतमुक म्हणजे मी होते. शाळेच्या दाखल्यावरचं माझं लांबलचक नाव, वडिलांच्या नावासकट. मी ते सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा वर केला. "अस्सं नाव आहे होय तुझं!"

मला रडूच आलं. बंगळूर सुटणार असेल तर सुटू दे, पण निदान कळू तरी दे, असं झालं. मी वर जाऊन खोलीच्या दारात बसले. थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला, आणि या वेळी तो अक्काने उचलला. तिचा आवाज वर ऐकू येत होता. आधी कन्नडमध्ये "यारु बेकु?", म्हणजे कोण हवंय, मग बराच वेळ "हं, हं", मग हसणं. "एका अक्षरासाठी दिवसभर? हां, हां, तीच ती! आधी असं सांगायचं की!" हे तिने भरात साहेबांना मराठीतच सांगितलं. आणि मग जिन्याखालून हाक आली:

"ए भांडकुदळ! फोन!"

"आले!" मी म्हटलं आणि निम्मा जिना उतरल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण ओ दिली आहे.

व्यापारी हो म्हणाले होते. साहेब म्हणाले, सोमवारी दोघं या, आता लसूणही घालायचा आहे. मी फोन ठेवला तेव्हा अक्का शेजारीच उभी होती.

"काय ग?"

"राहतेय मी."

तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "तुझं ते कागदावरचं नाव परत एकदा सांग. पाठ करून ठेवते, परत घोळ नको."

"राहू दे, अक्का," मी म्हटलं. "आहे तेच चालेल."