पुढची सीट आणि आठ पंचवीस

शुक्रवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी ती एका अनोळखी माणसाच्या समोरच्या दाताची कड घडवत होती. चिनीमातीची भुकटी पाण्यात कालवून, बारीक ब्रशच्या टोकाने थरावर थर. एक थर चढवायचा, टिश्यूने पाणी टिपायचं, दिव्याखाली धरून बघायचं, मग पुढचा. सहा टेबलांच्या त्या दंतप्रयोगशाळेत खिडकीलगतचं टेबल तिचं. दातांचा रंग दिवसाच्या उजेडातच खरा कळतो, म्हणून ते टेबल सगळ्यांत चोख काम करणाऱ्याला मिळतं. गेली पाच वर्षं ते तिच्याकडे आहे.

वय एकोणचाळीस. घरात तिला मास्तरीण म्हणतात. हे नाव तिच्या घरसोबतिणीने ठेवलं, तेही राहायला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात. घरसोबतीण नर्स. तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आपली ड्युटी चुकून पुढच्या दिवसाच्या चौकटीत लिहिली होती. मास्तरणीने न विचारता ती खोडली आणि योग्य चौकटीत लिहिली. नर्स दुसऱ्या दिवशी वेळेवर हॉस्पिटलात पोचली, ते त्यामुळेच. त्या दिवसापासून एक मास्तरीण झाली आणि दुसरी सिस्टर.

परदेशात पाच वर्षं दोघींनी दोन खोल्यांचं घर चालवलं. गाडी सिस्टरची, नकाशा मास्तरणीचा. सकाळची ड्युटी असली की सिस्टर तिला जाताजाता प्रयोगशाळेच्या दारात सोडायची. सुट्टीत कुठे निघाल्या की पुढची सीट मास्तरणीची. कोणत्या वळणावर पेट्रोलपंप आहे, कोणत्या घाटात धुकं उतरतं, हे ती आदल्या रात्री वाचून ठेवायची. सिस्टर म्हणायची, "तू आहेस म्हणून मला फक्त स्टिअरिंग फिरवायचं असतं."

तीन महिन्यांपूर्वी पाहुणी आली.

ती सिस्टरच्याच हॉस्पिटलात रक्त तपासणीच्या विभागात लागली. वय एकोणतीस, बोलायला मोकळी, हसायला त्याहून मोकळी. घर मिळेपर्यंत पंधरा दिवस बाहेरच्या सोफ्यावर झोपली, मग जवळच एका म्हाताऱ्या बाईकडे खोली घेतली. पण संध्याकाळी जेवायला इकडेच. बाकीचे तिला बारकी म्हणतात. मास्तरणीच्या तोंडी मात्र अजून "आपली पाहुणी" असतं, आणि ते ती अगदी गोड आवाजात म्हणते.

पाहुणीचे दात छटांच्या पट्टीवरच्या पहिल्या नंबरचे, म्हणजे सगळ्यांत उजळ, आहेत. असा रंग तोंडात जन्मतः आलेला मास्तरणीने नऊ वर्षांच्या कामात पाच-सहा वेळाच पाहिला. पहिल्या दिवशी पाहुणी हसली तेव्हा तिला आधी हेच दिसलं, आणि ते तिने कोणालाही सांगितलं नाही.

बाकीच्या गोष्टी लहान होत्या. सिस्टर आता फोनवर बोलताना गॅलरीत जायची. हॉस्पिटलातल्या कुठल्याशा डॉक्टरची नक्कल एकीने सुरू केली की दुसरी ती पुरी करायची, आणि ती कोणाची नक्कल आहे हे मास्तरणीला विचारावं लागायचं. विचारल्यावर सिस्टर म्हणायची, "अगं, तिथे असायला हवं होतंस." हे वाक्य तीन महिन्यांत चार वेळा आलं. मास्तरणीने मोजलं होतं.

महिनाअखेर घराचा करार संपत होता. नव्याने करायचा की नाही, हे तिने दोनदा विचारलं. सिस्टर म्हणाली, "ट्रिपला जातोय ना, तिथे निवांत बोलू." पाच वर्षांत करारावर निवांत बोलायची वेळ कधी आली नव्हती. फॉर्म यायचा, दोघी सह्या करायच्या. पाहुणीला खोली बदलायची आहे, हे मास्तरणीला ठाऊक होतं. दोन आणि दोन चार तिने केव्हाच केले होते. आपल्याला घर सोडायला सांगण्यासाठी ही ट्रिप आहे, असा तिचा हिशेब होता.

शनिवारी सकाळी आठला चौघे निघाले. चौथा सिस्टरचा मावसभाऊ. गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, सगळ्यांत मोठा म्हणून दादा. मास्तरीण थर्मास घेऊन खाली आली तेव्हा पाहुणी पुढच्या सीटवर बसलेली होती, मांडीवर नकाशा.

"मला मागे बसलं की मळमळतं गं," पाहुणी म्हणाली. "चालेल ना तुला?"

"न चालायला काय झालं," मास्तरीण म्हणाली, आणि दादाच्या शेजारी बसली. दादा म्हणाला की मागची सीट म्हणजे फर्स्ट क्लास, पुढे बसणाऱ्याला झोपता येत नाही. दहाव्या मिनिटाला तो घोरायलाही लागला.

किनाऱ्याचा रस्ता सुंदर होता, असं सगळ्यांचं मत पडलं. मास्तरणीला त्यातलं दोन डोक्यांच्या मधून दिसलं तेवढंच दिसलं. पाहुणीने एक वळण चुकवलं. सिस्टर हसली आणि म्हणाली, बरं झालं, नाहीतर हे दीपगृह दिसलं नसतं. मास्तरणीने असंच एक वळण पूर्वी एकदा चुकवलं होतं. तेव्हा सिस्टर अर्धा तास गप्प होती.

रात्रीचा मुक्काम एका गेस्टहाउसात. जेवणाच्या टेबलावर पाहुणीने रविवारचा बेत मांडला. तिथून जवळच एक बेट होतं. ओहोटीला समुद्रातून डांबरी रस्ता उघडा पडतो, भरतीला बुडतो. गेस्टहाउसवाल्याने भरतीच्या वेळांची छोटी पुस्तिका दिली होती. तिच्यात लिहिलं होतं, रस्ता दुपारी तीन दहापर्यंत मोकळा.

"म्हणजे आपल्याला चार दहा," पाहुणी म्हणाली. "इथे उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात, भरतीच्या तक्त्यात ते नसतं. मागच्या महिन्यात धक्क्यावर माझी अशीच फजिती झाली होती. एक तास मिळवायचाच."

सिस्टर म्हणाली, "बघ, हे मला सात जन्मांत सुचलं नसतं."

ज्यांच्या देशात घड्याळं कधी पुढेमागे होत नाहीत, ती माणसं हा एक तास पहिल्या वर्षी विसरतात. एकदा फजिती झाली की मग नको तिथेही मिळवतात. मास्तरणीने ताटं आवरताना पुस्तिका उचलली. शेवटच्या पानावर, तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. सर्व वेळा उन्हाळी तास धरून दिलेल्या आहेत. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शात काम करणाऱ्या बाईला ती दिसली नसती तरच नवल. तिने पान दोनदा वाचलं, पुस्तिका पाहुणीच्या बॅगेवर ठेवली आणि झोपायला गेली.

कॅलेंडरावरची चौकट न विचारता दुरुस्त करणारी बाई त्या दिवशी मूग गिळून बसली. पाहुणीला एकदा सगळ्यांसमोर तोंडघशी पडलेलं बघायचं होतं, यापलीकडे तिने काही योजलं नव्हतं. बेटावर घरं होती, बाक होते, नळ होता. जिवाला धोका नव्हता, हे तिने त्याच पुस्तिकेत वाचून खात्री करून घेतलं होतं. रविवारी रात्री नऊला सिस्टरची ड्युटी आहे, हेही तिला माहीत होतं. त्याचा विचार तिने केला आणि बाजूला ठेवला.

सकाळी तिने गेस्टहाउसच्या किचनमध्ये आठ अंडी उकडली, दोन्ही थर्मास भरले आणि चौघांचे स्वेटर वेगळ्या पिशवीत घातले. दादाने विचारलं, लढाईवर निघालोय का? ती म्हणाली, समुद्रावर वारा असतो.

तीन पन्नासला ते बेटावरून परत निघाले, चांगली वीस मिनिटं हाताशी ठेवून. रस्ता उताराला लागत होता तिथे सिस्टरने ब्रेक मारला. पुढे रस्ता नव्हता. कडेचे पांढरे खांब कमरेएवढे बुडाले होते.

दादाने खाली उतरून पाणी बघितलं आणि म्हणाला, "चार दहाचं समुद्राला कोणी सांगितलं नाही वाटतं."

पाहुणीचा चेहरा पांढरा पडला. मास्तरीण तो बघत होती. या क्षणाची ती आदल्या रात्रीपासून वाट बघत होती, आणि तो तिला हवा तसाच आला होता. मग सिस्टरने पाहुणीच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे गं. होतं असं." पाच वर्षांत चुकांवर फुंकर घालायची सिस्टरला सवय नव्हती.

सिस्टर बाजूला जाऊन हॉस्पिटलच्या इन्चार्जशी बोलली. सहा मिनिटं बोलली, त्यात चार वेळा माफी मागितली. परत आली ती पाहुणीजवळच बसली. पाहुणीने पुस्तिका उघडली.

"रस्ता परत मोकळा व्हायची वेळ आठ पंचवीस आहे," ती म्हणाली. "म्हणजे एक तास धरून नऊ पंचवीस. कदाचित त्याच्याही आधी. आता काहीच खरं वाटत नाही मला."

"आठ पंचवीस," मास्तरीण म्हणाली. "तास त्यात धरलेलाच आहे. शेवटच्या पानावर लिहिलंय."

बोलून झालं तेव्हा तिच्या लक्षात आलं. चुकीचा आकडा ऐकून गप्प बसणं तिला आदल्या रात्री जमलं होतं, दुसऱ्यांदा जमलं नाही.

पाहुणीने शेवटचं पान उलटलं. तिला ती ओळ शोधायला वेळ लागला. सिस्टर पुस्तिकेकडे बघत नव्हती.

"तू कधी वाचलंस?"

"काल."

"काल कधी?"

"ताटं आवरताना."

सिस्टरने गाडीच्या बॉनेटवरची पिशवी बघितली, दोन थर्मास बघितले. "म्हणून आठ अंडी," ती म्हणाली.

दादाला शांतता सोसत नाही. फोर्कलिफ्टच्या आवाजात दिवस जातो, त्यामुळे असेल. त्याला वाटलं, विषय बदलला की वातावरण बदलेल. तो म्हणाला, "ते तीन खोल्यांच्या घराचं सांगितलंस का नाही हिला अजून? एवढं तिघींसाठी शोधून ठेवलंय, खिडकीवाली खोली हिला म्हणून."

"परत जाताना चहाला थांबलो की सांगणार होते," सिस्टर म्हणाली.

मास्तरणीने अंडी सोलली, कारण हातांना काहीतरी हवं होतं. सालीचा एक कपटाही पांढऱ्यावर न ठेवता सोललेली आठ अंडी तिने कागदावर मांडली. दादाने तीन खाल्ली. पाहुणीने एक घेतलं आणि "थँक यू" म्हणाली, ते मास्तरणीला शिवीसारखं लागलं. सिस्टरने चहाही घेतला नाही. साडेपाचला वारा सुटला आणि सगळ्यांनी स्वेटर घातले, तिनेही. तेवढं तिने घेतलं.

मास्तरीण एकदा तिच्याजवळ गेली. म्हणाली, मला वाटलं तू मला जायला सांगणार आहेस.

"विचारायचं होतंस," सिस्टर म्हणाली.

"दोनदा विचारलं."

हे सिस्टरलाही आठवलं असावं. मग म्हणाली, "माझ्या जागी आज कोण उभी राहणार आहे, माहितीये? दिवसभर ड्युटी करून घरी गेलेली बाई. तिला परत बोलावलं."

आठ पंचवीसला पांढऱ्या खांबांच्या बुडातून पाणी हटलं. उजेड अजून होता. पाहुणी आपणहून मागे जाऊन बसली, मळमळीचं काही न बोलता. दादा तिच्या शेजारी. मास्तरीण पुढच्या दारापाशी क्षणभर थांबली. सिस्टरने आपली बॅग उचलून पुढच्या सीटवर ठेवली आणि गाडी सुरू केली. तिघेही मागे दाटीवाटीने बसले.

पक्क्या जमिनीवर आल्यावर सिस्टर आरशात न बघता म्हणाली, "आजच्या बदल्यात मला उद्या सकाळी सातची ड्युटी दिलीये. आम्ही दोघी सव्वासहाला निघू. तू बसने जा."

"बरं," मास्तरीण म्हणाली.

"संध्याकाळी साडेपाचला ते घर बघायला बोलावलंय. किती जणी येणार, ते मी अजून कळवलेलं नाही."

दादाने या वेळी तोंड खिडकीकडे वळवलं. मास्तरणीने फोन काढून बसचं वेळापत्रक उघडलं आणि तळापर्यंत वाचलं. सोमवारी पहिली बस सहा एक्केचाळीसला आहे. थांबा घरापासून अकरा मिनिटांवर आहे.