दोन घरं गेलेलं प्यादं

कार्ल्यापासून परंदवडीपर्यंत भाजे गावच्या कोंडाजीने पटावर हरवला नाही असा गडी उरला नव्हता. भातलावणी उरकून हात मोकळे झाले की त्याचा बुद्धिबळाचा पट मांडलेलाच. म्हणून मोठ्या ऐटीत तो पुण्याच्या सामन्याला गेला आणि पहिल्याच डावात त्याने राजाला घोड्यासारखं अडीच घरं उडवलं. आपल्याकडे राजाला एकदा तेवढी मुभा असतेच की! पण सामना विलायती नियमांचा. "राजाला हात लावलात, आता राजाच हलवा," पंच म्हणाले. राजा हलला आणि डाव गेला. कोटटोपीवाले पोट धरधरून हसले. पुढे कोंडाजी साताऱ्याला खेळला, मिरजेला खेळला, जिंकलाही. पण ते हसू काही त्याच्या कानांतून जाईना.

उपाय काढला त्याच्या बायकोने, झुंबरबाईने. तिने घरच्या लाकडी राजाच्या गळ्यात काळा दोरा बांधला. "ह्यो दिसला की ध्येनात ठिवा, राजा आता उडत न्हाई. आन् त्येंच्या खेळात प्यादं पैल्यांदा दोन घरं जातंय, त्ये बी इसरू नगा." रोज जेवणं झाली की ती समोर बसायची आणि नवरा चुकला की सरळ हातावर चापट द्यायची. हिच्यापुढे पुण्याचे पंच बरे, असं कोंडाजी चारचौघांत सांगायचा, आणि ते खरंच होतं.

एकोणीसशे अडतीसच्या थंडीत मुंबईचे एक नामांकित खेळाडू लोणावळ्याच्या बंगल्यात एकाच वेळी बारा जणांशी खेळणार होते. कोंडाजी भाकरी बांधून रुळांच्या कडेने चालत तिथे पोचला. तिथला चिटणीस पुण्यात हसणाऱ्यांपैकीच एक निघाला. बाराव्या पटावर बसवताना म्हणाला, "आज राजा उडवू नका हं, कोंडाजी!" कोंडाजीच्या अंगाची लाही लाही झाली. आज हरलो तर हे हसू जन्मभर पुसलं जायचं नाही, हे तो जाणून होता.

उन्हं कलेपर्यंत अकरा जण हरून उठले. बाराव्या पटावर मात्र पाहुण्यांचा पांढरा राजा शह चुकवत चुकवत कोंडाजीच्या अंगणात येऊन अडकला होता. चिटणीसच मागून कुजबुजला, "अहो, हत्तीने मात आहे!"

कोंडाजीला ती केव्हाच दिसली होती. पण आमच्या मावळात हत्तीने केलेली मात म्हणजे नुसती जीत. खरा मान प्याद्याने मात करण्याला. त्याने कडेचं, डावभर जागचं न हललेलं प्यादं उचललं आणि दोन घरं पुढे ठेवलं.

"शह. आन् मात बी."

पाहुण्यांनी राजाचं एकेक घर तपासून पाहिलं. मग उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. "या प्याद्याकडे माझं लक्षच नव्हतं," ते म्हणाले. चिटणीसाला हसू आलं नाही. कोंडाजीची छाती अशी फुगली की बंडीचे बंद तुटतील असं त्यालाच वाटलं.

तो घरी पोचला तेव्हा झुंबरबाई दारातच उभी होती.

"कशानं क्येली मात?"

"प्याद्यानं. दोन घरं टाकून."

तिने फळीवरून सोंगट्या काढल्या, राजाच्या गळ्यातला काळा दोरा सोडला आणि कडेच्या प्याद्याला बांधला.

"आता ह्येला कुनाची नजर लागाय नगो," ती म्हणाली.