आपांचा कान

सर्जिकल सामानाच्या दुकानात आपा शिरल्या, की दुकानदार मुकाट्याने आपल्या शर्टाची बाही वर करायचा. रक्तदाबाचं यंत्र घ्यायचं, तर आपा ते आधी त्याच्याच दंडावर बांधून बघत. एक झालं की दुसरं, मग तिसरं. आकडे जुळले नाहीत तर त्यालाच विचारत, "ह्यातलं खरं कोण बोलून राहिलंय, शेठ?" एकदा तिन्ही यंत्रांवर त्याचाच दाब वाढलेला निघाला. मग खरेदी राहिली बाजूला. लोणचं-पापड सोडा म्हणून आपांनी त्याला गिऱ्हाइकांसमोर इतकं सुनावलं, की पुढे कितीतरी दिवस त्या दुकानावरून गेल्या तरी तो गल्ल्यामागे वाकायचा.

लातुरात क्लासेसना ऊत आला होता तेव्हाची ही गोष्ट. आमच्या गल्लीत दर दोन घरांआड एक वसतिगृह किंवा खानावळ. कुणाच्या लेकराचा मेडिकलला नंबर लागला, की आधी पेढे वाटायचे आणि मग पहिला स्टेथोस्कोप घ्यायला आपांना सोबत न्यायचं, अशी रीतच पडली होती. आपा मूळच्या औशाच्या. माहेरी-सासरी दोन्हीकडे शिंपीकाम. सरकारी नर्स म्हणून जन्म काढून त्या निवृत्त झाल्या आणि लेकाकडे, आमच्या शेजारी, राहायला आल्या. त्यांच्याहून मोठी माणसंही त्यांना आपाच म्हणत.

स्टेथोस्कोपची नळी त्या वाकवून बघत, कानात घालायची बोंडं चिमटीत दाबून बघत आणि टणक लागली तर तो डबा परत सरकवत. "कान दुखला की डॉक्टर घाई करतो," म्हणत. पोरं हौसेने तो कानात घालत, आणि हमखास उलटा. "बोंडं नाकाकडं वळाय पायजेत रे बाबा. मागं काय ऐकायचंय, बापाची कटकट?" बाप शेजारीच उभा असे. मग आपा त्या पोराला तिथल्या तिथे आपल्या आईचं काळीज ऐकायला लावत. लाजत उभी राहिलेली ती आई बहुतेक वेळा डोळे पुसायची आणि आपांचं समाधान व्हायचं. नळीचा रंग मात्र त्या खुशाल पोराला निवडू देत.

कुठलंही हत्यार त्या गार असताना अंगाला लावत नसत. लावायच्या आधी तळव्यावर घासत, आणि हिवाळ्यात तर पदराआड काखेत धरून बसत. "गार लोखंड लावलं की माणूस अंग चोरतं. मग अंग चोरलेल्या माणसाचं काय ऐकावं?" असं त्यांचं म्हणणं. टॉर्चचंही तेच. डोळ्यात कधी समोरून उजेड मारायचा नाही, कडेने आणायचा.

शेजारच्या मुलींच्या वसतिगृहातली आजारपणाची खोली पुढे त्यांच्याकडेच आली. तिथल्या काडीसारख्या दंडांसाठी त्यांनी रक्तदाबाचा लहान पट्टा मागवून घेतला. मोठ्या पट्ट्याने दाब उगीचच कमी दिसतो आणि धडधाकट पोर सलाइनला जाते, हे त्यांनी वसतिगृहाच्या मालकाला उभं करून समजावलं होतं. टेस्टच्या दिवशी तिथे तापाची साथ यायची. एका पोरीने थर्मामीटर चहाच्या कपात बुडवून आपांच्या हातात दिला. आपांनी तो उजेडाकडे धरला आणि शांतपणे म्हणाल्या, "एवढा ताप असता तर तू बोलून राहिली नसतीस. जा, पेपर दे. चहा मी पिते."

बॅटरीच्या थर्मामीटरला त्यांचा कडाडून विरोध. त्याची टीं ऐकली की त्या तोंड वाकडं करत. मग एकदा वसतिगृहात काचेचा थर्मामीटर फुटला आणि पाऱ्याच्या गोळ्या खाटांखाली पळाल्या. पोरींना बाहेर काढून, खिडक्या उघडून, आपा गुडघ्यांवर बसून कागदाने त्या गोळा करत राहिल्या. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन बॅटरीचा घेऊन आल्या. वर आम्हालाच सांगू लागल्या, "मी तर पहिल्यापासून म्हणून राहिले, काचेचं काय खरं न्हाई." त्यांच्याशी वाद घालायची आमची काय टाप!

आपा गोड होत्या, असं मी मुळीच म्हणणार नाही. चांगली बातमी तर त्यांच्या तोंडून ओढून काढावी लागे. ताप उतरलाय ना आपा, असं आईबापांनी काकुळतीने विचारलं, तरी स्वतः पुन्हा मोजल्याशिवाय त्या होय म्हणत नसत. "अंदाजानं हसायचं न्हाई," एवढंच. मला कधीकधी त्यांचा भयंकर राग यायचा.

त्या गेल्या तेव्हा गल्लीतल्या आम्ही बायका त्यांच्या सुनेजवळ बसलो होतो. जी ती आपापल्या घरची आपा सांगत होती. माझी पाळी आली तेव्हा मी भूकंपातली सांगितली.

माझी-त्यांची ओळख लातूरची नव्हे, किल्लारीजवळच्या आमच्या गावची. तिथल्या उपकेंद्रावर त्या नर्स होत्या आणि मी शाळेत शिकवत होते. मला सातवा महिना होता. पहाटे घर कोसळलं तेव्हा सासूबाई आणि मी अंगणात होतो म्हणून वाचलो. सासरे आत होते, ते गेले. पळताना मी पोटावर पडले, आणि तेव्हापासून पोटातलं हलणं थांबलं होतं. कुणाला सांगणार? नवरा ढिगारे उपसायला गेलेला, आणि सासूबाई दगडासारख्या बसलेल्या. सासऱ्यांना अग्नी दिल्यापासून त्यांच्या तोंडून शब्द निघाला नव्हता, पाण्याचा घोटही त्या घेत नव्हत्या. शेवटी मी आपांना सांगितलं.

त्या मदतपथकातल्या एका तरुण डॉक्टरबाईंना घेऊनच ताडपत्रीखाली आल्या. डॉक्टरांनी बाळाचे ठोके ऐकवणारं यंत्र लावलं, पण पावसाचं पाणी आत शिरून त्याचा नुसता खरखराट होत होता. त्यांनी ते बंद केलं. "आपा, तुमची नळी काढा," म्हणाल्या. दोन्ही टोकांना पसरट, वीतभर लांबीची ॲल्युमिनियमची ती नळी आपांच्या पिशवीत कायम असे. डॉक्टरांनी पोट चाचपून बाळाची पाठ कुठे आहे ते शोधलं आणि बोट ठेवून दाखवलं, "इथे ऐका." मग डॉक्टर स्वतः पावसात बाहेर गेल्या आणि घरघरणारा जनरेटर बंद करवून आल्या.

आपांनी नळी तळव्यावर घासली, पोटावर टेकवली, वरच्या तोंडाला कान लावला आणि हात सोडून दिले. एका हाताने त्यांनी माझं मनगट धरलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिथे काही म्हणजे काही नव्हतं. बऱ्याच वेळाने त्यांची भुवई हलली. मी म्हटलं, "लागलं का हो आपा?"

"लागलं. पन हे तुझंच हाय," त्या म्हणाल्या. "तुझ्या नाडीसंगं चालून राहिलंय."

मला हुंदका फुटला. "गप," त्या म्हणाल्या. "रडायचं मागून रड. मला ऐकू दे." त्यांनी नळी दोन बोटं खाली सरकवली. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना शिव्या दिल्या आणि लगेच त्यांची माफीही मागितली. आणि मग माझ्या मनगटावरचं आपांचं बोट उठलं आणि वाजू लागलं. टकटक, टकटक, टकटक. माझं काळीज भीतीने धावत होतं, पण ते बोट त्याच्याही पुढे पळत होतं.

"हे तुझं न्हाई," आपा म्हणाल्या. "हे त्याचं." आणि त्या हसल्या. इतक्या वर्षांत कुणाचंही हसणं मला तेवढं सुंदर वाटलेलं नाही.

डॉक्टरांनीही ऐकलं आणि होय म्हणाल्या. आता आवराआवर होईल असं मला वाटलं. पण आपांनी नळी तशीच धरून ठेवली आणि सासूबाईंना हाक मारली, "मावशी, इकडं या. कान लावा हितं." त्या हलेनात, तेव्हा आपांनी त्यांना दंडाला धरून आणलं आणि बळंच वाकवलं. त्या कितीतरी वेळ तशाच वाकून राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं माय, ह्याला किती घाई हाय! ह्यांच्यावानीच."

सासरे गेल्यापासूनचे ते त्यांचे पहिले शब्द. नळी घरंगळून पडली. माझ्या पोटावर गाल टेकून सासूबाई मोठमोठ्याने रडू लागल्या. डॉक्टर त्यांना उठवायला पुढे झाल्या, तर आपांनी हातानेच थांबवलं. आणि त्या रडण्याने म्हणा, डोक्याच्या भाराने म्हणा, आतून एक लाथ बसली. मला, आणि त्यांच्या गालाला.