डॉबर्नचा चर आणि जवाची बादली

सिरिल डॉबर्न वाटाण्याच्या कारखान्यातून निवृत्त झाला, त्याच्या बरंच आधी त्याचे गुडघे निवृत्त झाले होते. बाकीचं शरीर अजून कामावर हजर राही, पण मन लावून नव्हे. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला, पहाटे स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चहाचं पाणी उकळण्याची वाट पाहताना त्याच्या मनात आलं, की रानबदकांचा हंगाम वर्षातून एकदाच उघडतो हे बरंच म्हणायचं.

"नको जाऊस, बदका," मेव्हिस जिन्यावरून म्हणाली.

लिंकनशायरच्या या काठावर लाडाने कुणालाही बदका म्हणतात. मेव्हिस नवऱ्याला म्हणे, पोस्टमनला म्हणे आणि खाटकालाही म्हणे. लग्नाआधीपासून बदकं मारत आलेल्या माणसाला रोज याच नावाने चहाला बोलवावं, यात काही गंमत आहे असं त्या घरात कुणालाच कधी वाटलं नव्हतं.

"जायलाच हवं," सिरिल म्हणाला.

"संध्याकाळी ग्रॅहमच्या तळ्यावर बसणार आहेस की. खुर्चीत. माणसासारखा."

"संध्याकाळचं संध्याकाळी. चर सकाळी जातो."

यावर मेव्हिसने मनुकांच्या पावात चीज घालून पुडी बांधली. वाद संपला की ती पुडी बांधत असे.

समुद्राच्या बांधापलीकडे खाजण आहे आणि खाजणात भरतीच्या पाण्याने कोरलेले चर. शिकारी त्या चरांत बसतात. पहाटे शेतांतून समुद्राकडे परतणारी बदकं डोक्यावरून गेली, तर बार काढायचा. हंगामाच्या पहिल्या पहाटे जो ज्या चरात बसलेला सापडेल, त्याचा तो चर वर्षभर. जो आला नाही, त्याचा चर मोकळा. हे शिकाऱ्यांच्या क्लबाच्या नियमांत कुठेही लिहिलेलं नाही, त्यामुळे ते कधी मोडलं जात नाही. आजारपण, लग्न, मयत, काही चालत नाही. म्हातारा वॉस एका वर्षी सख्ख्या भावाच्या उशाशी बसून राहिला आणि चर गमावून बसला. भाऊ तसाही जाणारच होता, असं लोक नंतर हळहळून म्हणाले.

सिरिलचा चर त्याच्या वडिलांपासूनचा. सगळ्यांत खोल, सगळ्यांत आडोशाचा, आणि त्याच्या तळाशी ओकची एक फळी पुरलेली, बसायला. शेजारच्या उथळ चरात लेन क्यूपिट बसे. लेन छपरं शाकारायचा, पंचेचाळिशीचा, सभ्य माणूस. दर ऑगस्टमध्ये तो सिरिलला न चुकता विचारी, "गुडघे कसे आहेत?" या प्रश्नामागची आपुलकी किती आणि फळी किती, हे सिरिलने कधी मोजून पाहिलं नव्हतं.

जानेवारीतल्या वादळात, दाढीवर बर्फ धरून बसल्याच्या गोष्टी दारूच्या गुत्त्यात पिढ्यान्‌पिढ्या चालतात. सप्टेंबरच्या गोष्टी कुणी सांगत नाही, कारण सप्टेंबरात खाजणावर फक्त डास असतात. गमबुटांत पाय घामाने उकडत होते. सिरिलची कुत्री फर्न, तीही आता म्हातारीच, चिखलातून चालताना दर थोड्या वेळाने थांबून त्याच्याकडे बघे. ती नक्की काय विचारते आहे ते त्याला ठाऊक होतं. तो चरात उतरला, फळीवर बसला, दुनळी बंदूक मांडीवर घेतली. चर राखला गेला. खरं तर काम झालं होतं.

उजाडलं. आकाश रिकामं.

"सिरिल!" शेजारच्या चरातून लेनने हाक मारली. "काही दिसलं का?"

"डास."

"माझ्याकडे जरा मोठे आहेत. एखादा पाडू का?" मग थोडं थांबून, "बदकं कुठं आहेत ते ठाऊक आहे ना तुला? तुझ्या जावयाच्या तळ्यावर. पोटं तट्ट भरलीत, ती कशाला मरायला समुद्रावर येतील? आणि रोज जवाची बादली कोण ओततंय?"

बादली सिरिलच ओतत होता. सुगीच्या दिवसांत त्याचा जावई ग्रॅहम अंधार पडेपर्यंत कापणीयंत्रावर असे. तो म्हणाला होता, "संध्याकाळी तळ्याच्या कडेला मूठभर जव टाकाल का? बदकांना सवय लागेल." सिरिलने अख्खा ऑगस्ट मुठीऐवजी बादली टाकली. तळ्यापर्यंतची वाट सपाट होती. काठाला एक खुर्ची होती. उथळ पाण्यात जव चाळणाऱ्या चोचींचा आवाज ऐकत तो रोज तिथे जरुरीपेक्षा जास्त वेळ बसे. वडिलांच्या चरावरून जाणारी बदकं आपण स्वतःच्या हाताने थांबवतो आहोत, हे इतकी वर्षं शिकार केलेल्या माणसाला सुचलं नाही. किंवा सुचलं असेल, पण खुर्चीतून उठावंसं वाटलं नाही.

भरती खाजणात समोरून येत नाही. ती चरा-चरांतून मागून येते. पाणी बुटांना लागलं तेव्हा सिरिल उठला. फर्न धडपडत वर चढली आणि काठावर उभी राहिली. सिरिलने एक गुडघा चिखलात रोवला, तो घसरला. दुसरा रोवला, तो वाकलाच नाही. गवताचा बुडखा धरला, तो हातात आला.

हाक मारली असती तर लेन चार पावलांवर होता. पण हाक मारणं म्हणजे आपल्याच तोंडाने चर देऊन टाकणं. वडिलांनी या चरातून कधी कुणाला हाक मारली नव्हती. पाणी पोटऱ्यांवर आलं. सिरिलने चिखलाच्या भिंतीवर डोकं टेकलं. त्याला भीती वाटत नव्हती, नुसता कंटाळा आला होता. पाणी गुडघ्यांपाशी आलं तेव्हा फर्न भुंकली. तिला चराचं काही पडलेलं नव्हतं.

काठावर लेनचं तोंड दिसलं. "गुडघे कसे आहेत?" त्याने विचारलं आणि पालथं पडून हात खाली दिला.

सिरिलला वर ओढून काढताना दोघंही चिखलाने सारखेच झाले.

"मी काही पाहिलेलं नाही," लेन म्हणाला.

"पाहिलंस."

"पहिल्या पहाटे तू चरात होतास. मी कुणालाही एवढंच सांगेन. चर तुझा."

म्हणजे अजून एक अख्खं वर्ष. दोनशे पावलांवरचा बांध सिरिलला फार लांब दिसला. टोपी चरातच राहिली, हे त्याला घरी गेल्यावर कळलं.

संध्याकाळी तो तळ्यावर, ग्रॅहमच्या शेजारी, गवताच्या गठ्ठ्यांआड, खुर्चीत बसला. दोघांच्या चाहुलीने उठलेला थवा अंधारताना परतू लागला. शिट्टीसारखा पंखांचा आवाज, एक घिरटी, मग पाय पुढे काढून सरळ खाली. सिरिलने दोन पाडली. ताटात वाढल्यासारखी होती, त्यात कौतुक नव्हतं. फर्नने घोटाभर पाण्यातून ती आणली आणि शेपटी अशी हलवली, की जणू हे तळं तिनेच शोधून काढलं होतं.

"पुरे आता," सिरिल म्हणाला.

ग्रॅहम बंदूक भरत होता. "अहो सिरिल, अजून येतायत!"

"येतायत तोवरच उठायचं. शेवटचं बदक पाडेपर्यंत बसलास, तर उद्यापासून तळ्यावर तू एकटाच येशील."

ग्रॅहम पुटपुटत उठला. ते फाटकाशी पोचले नाहीत तोच मागे पाण्यावर बदकं उतरल्याचा आवाज झाला. सिरिल जरा थांबून तो ऐकत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना लेन सायकलवरून तळ्याच्या फाटकाशी आला. त्याच्या हातात सिरिलची टोपी होती. धुतलेली, त्यामुळे जरा परकी वाटणारी.

"भरतीने वर आणून टाकली," लेन म्हणाला.

सिरिलने ती डोक्यावर चढवली आणि बादली उचलली. "फळी डाव्या अंगाला आहे. चिखलाखाली. चाचपलंस की लागेल."

लेन सायकलच्या घंटीशी खेळत राहिला. "असा रिवाज नाही. चर वर्षभर तुझा आहे."

"माझाच आहे. म्हणून तर मी सांगतोय कुणी बसायचं ते."

"आणि तू?"

सिरिलने बादलीतले जव काठाने फेकले. निम्मे झाल्यावर हात आखडला, आणि उरलेले पुन्हा पोत्यात ओतले.

"एवढेच?" लेनने विचारलं.

"पोट अर्धं राहिलं की रात्री शेतांत हिंडतील, आणि पहाटे समुद्राकडे निघतील. तुझ्या डोक्यावरून. वारा पाठीवर घेऊन बस."

"ग्रॅहमला काय सांगशील?"

सिरिल खुर्चीत टेकला. आधी एक गुडघा लांब केला, मग दुसरा.

"त्याने मूठभरच सांगितले होते," तो म्हणाला.