एक बायोस, दोन भाऊ

मंडळी, डोकं फिरलंय, म्हणून इथं लिहितोय.

सकाळी निपाणीत तंबाखूचा व्यापार करणाऱ्या दोन भावांच्या ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्तीला गेलतो. बिलिंगचा कॉम्प्युटर सारखा अडकत होता. मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम, म्हणजे बायोस, अपडेट करायचा होता. पण त्याला पासवर्ड. मला बोलावलेलं थोरल्या भावानं, पासवर्ड धाकट्याकडं. दोघं एकाच खोलीत बसतात, पण वाटणीपासून बोलत नाहीत.

धाकटा म्हणाला, "त्याला सांग, तोंडानं माग म्हणावं."

समोरच बसलेला थोरला मला म्हणतो, "त्याला सांग, मशीन फोडीन, पण मागणार न्हाय."

मी काय ह्यांचा पोस्टमन?

शेवटी मीच हातापाया पडलो. धाकट्यानं कीबोर्डवर टॉवेल टाकून त्याखाली पासवर्ड दाबला. अपडेट सुरू झालं. मी बजावलं, "अण्णा, आता मशीन बंद करायचं न्हाय. अपडेट अर्धवट राहिलं तर परत सुरूच व्हायचं न्हाय."

धाकटा हसला. "बघा, माझ्याबिगर चाललं न्हाय."

थोरल्यानं उठून यूपीएसचं बटणच बंद केलं.

मशीन मेलं. आणि इतके दिवस न बोलणारे दोघं एका सुरात माझ्यावर ओरडले, "तूच घालवलंस!"

आता तुम्हीच सांगा, आधी शिवी कुणाला घालू?